प्रोग्रामने अ‍ॅडमिनचे हक्क मागायचे कसे, आणि मुळात मागायचे का?

बिलिंगचा एखादा छोटा प्रोग्राम डेव्हलपरच्या मशीनवर विनातक्रार चालतो. दुकानात बसवला की पहिल्याच दिवशी 'अ‍ॅक्सेस डिनाइड'. मग फोनवर ठरलेलं उत्तर: "आयकॉनवर राइट क्लिक करा आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा." दुकानदार तसं करतो, पण काउंटरवर नवा मुलगा बसला की पुन्हा फोन. वैतागून डेव्हलपर ठरवतो की हे राइट क्लिकचं लचांडच नको, प्रोग्रामनेच सुरू होताना परवानगी मागावी.

विंडोजमध्ये ही सोय आहे आणि ती एका ओळीत होते. ती ओळ कुठे लिहायची ते पुढे सांगतोच. पण दहातल्या आठ प्रोग्रामना तिची गरज नसते असं माझं मत आहे, आणि ते मत का आहे हे कळायला विंडोज हे हक्क देतं कसं ते आधी बघायला हवं.

एकाच माणसाची दोन टोकन

2001 साली आलेल्या विंडोज एक्सपीत घरच्या कॉम्प्युटरवर जे खातं तयार व्हायचं ते सरळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं असायचं. त्या खात्यातून चालणारा प्रत्येक प्रोग्राम, मग तो पत्त्यांचा खेळ का असेना, सिस्टमच्या फाइली बदलू शकत होता. व्हायरसचं फावलंच, पण प्रोग्रामरांनाही वाईट सवय लागली. सेटिंगची फाइल, डेटाबेस, लॉग, सगळं 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये एक्झीच्या, म्हणजे प्रोग्रामच्या मुख्य फाइलच्या, शेजारी ठेवायचं. अडवणारं कोणी नव्हतं.

जानेवारी 2007 मध्ये व्हिस्टा बाजारात आलं आणि त्यासोबत 'युझर अकाउंट कंट्रोल', म्हणजे यूएसी. तेव्हापासून तुमचं खातं अ‍ॅडमिनचं असलं तरी लॉगिन करताना विंडोज तुमच्यासाठी दोन टोकन बनवतं. टोकन म्हणजे ऑफिसात गळ्यात अडकवतात तसं ओळखपत्र: नाव काय, कोणत्या गटात आहात, काय काय करायची मुभा आहे. एका टोकनात अ‍ॅडमिनचे सगळे हक्क असतात. दुसऱ्यात ते छाटलेले असतात. डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणारा एक्सप्लोरर हा छाटलेल्या टोकनवर सुरू होतो, आणि तुम्ही डबल क्लिक करून जे उघडता त्याला एक्सप्लोररकडून तेच छाटलेलं टोकन मिळतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. साधा कमांड प्रॉम्प्ट उघडून 'हू-अ‍ॅम-आय' ही कमांड 'ग्रुप्स' या पर्यायासह चालवा. यादीत 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' गट दिसेल, पण त्याच्यापुढे 'डिनाय ओन्ली' असा शेरा असेल. म्हणजे काही नाकारायचं असेल तर तुम्ही अ‍ॅडमिन आहात हे मोजलं जाईल, काही द्यायचं असेल तर मोजलं जाणार नाही. यादीत 'मीडियम मँडेटरी लेव्हल' अशीही एक ओळ सापडेल आणि तिच्यापुढचा आकडा 8192 वर संपेल. आता तोच प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि तीच कमांड द्या. शेरा गेलेला असेल, 'मीडियम'च्या जागी 'हाय' आलेलं असेल आणि आकडा 12288 झालेला असेल. माणूस तोच, मशीन तेच, टोकन वेगळं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. टोकन प्रोसेसला, म्हणजे चालू झालेल्या प्रोग्रामला, जन्मताना मिळतं आणि नंतर बदलून मिळत नाही. चालू प्रोग्राममध्ये मधेच एखादं फंक्शन बोलावून 'आता मला अ‍ॅडमिन कर' असं सांगता येत नाही. नवे हक्क हवे असतील तर नवी प्रोसेसच सुरू करावी लागते. इथून पुढचं सगळं या एका नियमातून निघतं.

ती एक ओळ

हक्क जन्मताना मिळतात, तर मागणी जन्माच्या आधी पोचायला हवी. प्रोग्रामचा कोड तर अजून चालूच झालेला नसतो. म्हणून ती मागणी एक्झी फाइलच्या पोटात, मॅनिफेस्ट नावाच्या छोट्या एक्सएमएल मजकुरात लिहून ठेवतात. त्यात 'रिक्वेस्टेड एक्झिक्युशन लेव्हल' नावाचा टॅग असतो आणि त्याच्या 'लेव्हल'ला तीनपैकी एक किंमत देता येते. या किमती इंग्रजीत, मधे जागा न सोडता आणि पहिलं अक्षर लहान ठेवून लिहायच्या.

पहिली, 'अ‍ॅझ इन्व्होकर': ज्याने मला सुरू केलं त्याचे हक्क मला पुरे. दुसरी, 'रिक्वायर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर': अ‍ॅडमिनचे हक्क मिळाले तरच मी सुरू होणार. तिसरी आहे 'हायेस्ट अव्हेलेबल', आणि तिच्याबद्दल गैरसमज फार. समोरचा माणूस अ‍ॅडमिन गटातला असेल तर ती परवानगी विचारते, साधा युझर असेल तर काहीही न विचारता त्याच्याच हक्कांवर प्रोग्राम चालू करते. विंडोजची सेटिंग जिथे साठवलेली असतात ती रजिस्ट्री बदलणारा रजिस्ट्री एडिटर असाच आहे. साध्या युझरलाही तो उघडता येतो, फक्त सगळीकडे बदल करता येत नाहीत.

व्हिज्युअल स्टुडिओत सी-शार्पचा प्रोजेक्ट असेल तर 'अ‍ॅड न्यू आयटम'मधून 'अ‍ॅप्लिकेशन मॅनिफेस्ट फाइल' घाला. आत तिन्ही पर्याय कॉमेंटमध्ये लिहून दिलेलेच असतात, हवा तो घ्यायचा. सी-प्लस-प्लसमध्ये लिंकरच्या सेटिंगमध्ये, मॅनिफेस्ट फाइलच्या पानावर, 'यूएसी एक्झिक्युशन लेव्हल' अशी ओळ आहे. पायथनची एक्झी पायइन्स्टॉलरने बनवत असाल तर त्याला 'यूएसी अ‍ॅडमिन' हा पर्याय दिला की झालं. शेजारीच 'यूआय अ‍ॅक्सेस' नावाची आणखी एक किंमत दिसेल, ती 'फॉल्स'च राहू द्या. ती स्क्रीन रीडरसारख्या साधनांसाठी आहे आणि 'ट्रू' केली तर सही केलेली एक्झी आणि ठरावीक सुरक्षित फोल्डर अशा अटी मागे लागतात.

बिल्ड केल्यावर आयकॉनवर निळी-पिवळी ढाल आपोआप दिसू लागते. ती दिसली म्हणजे मॅनिफेस्ट नीट बसलं.

डबल क्लिक केल्यावर पडद्यामागे जे घडतं तेही जाणून घेण्यासारखं आहे. विंडोज प्रोसेस तयार करायला जातं, मॅनिफेस्ट बघतं आणि 740 क्रमांकाची एरर देऊन थांबतं. 740 चा अर्थ 'इथे वरचे हक्क लागतील'. एक्सप्लोरर ही एरर समजून घेतो आणि काम 'अ‍ॅप्लिकेशन इन्फर्मेशन' नावाच्या सर्व्हिसकडे, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रामकडे, सोपवतो. ती सर्व्हिस परवानगीची खिडकी दाखवते. मागची स्क्रीन अंधारते तो नुसता देखावा नाही. ती खिडकी वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर उघडलेली असते, म्हणजे दुसरा एखादा प्रोग्राम तुमच्या वतीने 'येस' दाबू शकत नाही. तुम्ही 'येस' दाबलंत की ती सर्व्हिस पूर्ण हक्कांच्या टोकनवर नवी प्रोसेस सुरू करते.

तुमच्याच एका प्रोग्राममधून असा दुसरा प्रोग्राम 'क्रिएट प्रोसेस' वापरून सुरू केलात तर मात्र ही मध्यस्थी होत नाही, नुसती 740 हातात पडते. तिथे 'शेल एक्झिक्यूट' वापरायचं आणि त्याला 'रन-अ‍ॅज' हे क्रियापद द्यायचं. माणसाने 'नो' दाबलं तर 1223 ही एरर मिळते. ती पकडा आणि 'ठीक आहे, रद्द केलं' असं वागा. पुन्हा पुन्हा तीच खिडकी समोर नाचवणारे प्रोग्राम मी पाहिले आहेत. त्यातून एवढंच होतं की माणूस न वाचता 'येस' दाबायला शिकतो.

त्या खिडकीचा रंगही बोलतो. एक्झीवर मान्यताप्राप्त सर्टिफिकेटची सही असेल तर निळी पट्टी आणि तुमच्या कंपनीचं नाव, नसेल तर पिवळी पट्टी आणि 'अननोन पब्लिशर'. जीएसटीचं रिटर्न भरायला घेतलेली डिजिटल सही इथे चालत नाही, ती कागदपत्रांसाठी असते. कोड सायनिंगचं सर्टिफिकेट वेगळं घ्यावं लागतं, आणि जून 2023 पासून त्याची खासगी किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित साधनातच ठेवण्याची अट आहे.

ओळ घातल्यावर काय बिघडतं

'रिक्वायर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' लिहिलं, 'अ‍ॅक्सेस डिनाइड' गेलं, सगळे खूश. तक्रारी हळूहळू येऊ लागतात.

पहिली बहुधा झेड ड्राइव्हची. छोट्या ऑफिसात एका पीसीला 'सर्व्हर' म्हणतात आणि त्यावरचं फोल्डर बाकीच्या मशीनवर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेलं असतं. एक्सप्लोररमध्ये झेड ड्राइव्ह दिसतो, पण अ‍ॅडमिन हक्कांवर चालणारा प्रोग्राम म्हणतो की असा ड्राइव्हच नाही. दोघंही खरं सांगत असतात. दोन टोकन म्हणजे दोन वेगळी लॉगिन सेशन, आणि ड्राइव्ह जोडलेला असतो तो छाटलेल्या टोकनच्या सेशनमध्ये. सेटिंगमध्ये ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा नेटवर्कचा पूर्ण पत्ता ठेवला की हे सुटतं.

दुसरी तक्रार मराठीत टाइप करणाऱ्यांची, आणि ती फोनवरून उलगडायला महाकठीण. काही टायपिंगची साधनं कीबोर्डवर नजर ठेवून असतात, तुम्ही रोमनमध्ये दाबलेली अक्षरं मधेच पकडतात आणि त्याजागी देवनागरी घालतात. वर्डमध्ये सगळं सुरळीत. बिलिंगच्या प्रोग्राममध्ये ग्राहकाचं नाव लिहायला गेलं की इंग्रजीच उमटतं. फाँट बदलून बघतात, टायपिंगचं साधन पुन्हा टाकून बघतात, फरक पडत नाही. कारण मघाचे ते 'मीडियम' आणि 'हाय'. खालच्या पातळीवरच्या प्रोग्रामला वरच्या पातळीवरच्या खिडकीत कळा घुसवता येत नाहीत, तिच्यातल्या कळा पकडताही येत नाहीत. हा नियम चांगल्यासाठीच आहे, नाहीतर कुठलाही फालतू प्रोग्राम अ‍ॅडमिनच्या खिडकीत हवं ते टाइप करू शकला असता. विंडोजच्या आतच असलेला मराठी कीबोर्ड या कचाट्यात सापडत नाही, बाहेरून कळा बदलणारी साधनं सापडतात. एक्सप्लोररमधून फाइल ओढून प्रोग्रामवर टाकणं बंद पडतं तेही याच कारणाने.

मग ज्या ऑफिसात कर्मचाऱ्यांना साधी खाती दिलेली असतात तिथली गोष्ट. परवानगीच्या खिडकीत अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो, साहेब येऊन टाकतात आणि प्रोग्राम उघडतो. पण तो आता साहेबांच्या खात्यात चालतोय. 'डॉक्युमेंट्स' साहेबांचं, रजिस्ट्रीतली वैयक्तिक सेटिंग साहेबांची. कर्मचारी संध्याकाळी स्वतःच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये रिपोर्ट शोधत बसतो.

लॉगिन झाल्याबरोबर असा प्रोग्राम आपोआप सुरू व्हावा म्हणून 'स्टार्टअप'मध्ये ठेवाल तर तेही जमत नाही. त्यासाठी टास्क शेड्यूलरमध्ये 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस' लावून काम नेमावं लागतं. आणि हक्क वारशाने पुढे जातात हे विसरू नका. तुमच्या प्रोग्रामने बिलाची पीडीएफ उघडली तर ती दाखवणारा प्रोग्रामसुद्धा अ‍ॅडमिन होतो. इतकंच काय, 'ओपन फाइल'च्या साध्या खिडकीत राइट क्लिक करून कमांड प्रॉम्प्ट उघडला तर तोही अ‍ॅडमिनचाच. काउंटरवरच्या मुलाच्या हाती तुम्ही अख्खं मशीन दिलेलं असतं.

यावर काही तंत्रज्ञांचा रामबाण उपाय ठरलेला: यूएसीची पट्टी खेचून अगदी तळाला न्या. विंडोज 8 पासून त्याने परवानगीची खिडकी फक्त दिसेनाशी होते. टोकन छाटणं चालूच राहतं, त्यामुळे न मागणाऱ्या प्रोग्रामला 'अ‍ॅक्सेस डिनाइड' यायचं ते येतंच. आणि जो मागेल त्याला कोणी विचारत नाही. दोन्हीकडून नुकसान.

मुळात हक्क लागतात कशाला?

बिलिंगच्या प्रोग्रामला अ‍ॅडमिन लागतो, असं म्हणणाऱ्याला विचारावं की नेमका कोणत्या कामासाठी. उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं: डेटाबेस किंवा सेटिंगची फाइल 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये आहे. म्हणजे सवय एक्सपीच्या काळातली.

या सवयीला विंडोजने जरा लाडावूनही ठेवलं. मॅनिफेस्टमध्ये ही पातळी न सांगणारा जुना 32 बिटचा प्रोग्राम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये लिहायला गेला तर विंडोज त्याला नकार देत नाही. ती फाइल गुपचूप त्या युझरच्या 'अ‍ॅप डेटा'तल्या 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या फोल्डरात लिहिली जाते आणि प्रोग्रामला वाटतं की काम झालं. आता कल्पना करा, एकाच मशीनवर सकाळपाळी आणि दुपारपाळीची दोन खाती आहेत. सकाळची बिलं एका प्रतीत, दुपारची दुसऱ्या प्रतीत. दोघांनाही एकमेकांची बिलं दिसत नाहीत. कोणीतरी 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करतं, तेव्हा मूळची तिसरीच फाइल उघडते आणि ती जवळजवळ रिकामी असते. डेटा उडाला म्हणून बोंब होते. उडालेला काहीच नसतो, तीन ठिकाणी विखुरलेला असतो. 64 बिटच्या किंवा मॅनिफेस्टमध्ये पातळी सांगणाऱ्या प्रोग्रामला ही 'मदत' मिळत नाही, म्हणून जुना प्रोग्राम नव्याने बिल्ड केला की अचानक 'अ‍ॅक्सेस डिनाइड' सुरू होतं. एरर नवी वाटते, दुखणं जुनंच असतं.

याच जातीची आणखी एक गंमत. मॅनिफेस्ट नसलेल्या 32 बिटच्या एक्झीच्या नावात 'सेटअप', 'इन्स्टॉल', 'अपडेट' किंवा 'पॅच' असेल तर विंडोज नावावरूनच तिला इन्स्टॉलर समजतं आणि परवानगी मागतं. भाव अपडेट करणाऱ्या साध्या प्रोग्रामला तसं नाव दिलं की विनाकारण ढाल चिकटते.

योग्य जागा अशा: एका माणसाची सेटिंग त्याच्या 'अ‍ॅप डेटा'त, सगळ्यांचा सामायिक डेटा 'प्रोग्राम डेटा'त. दुसऱ्या जागेत एक मेख आहे. तिथे साध्या युझरला नवी फाइल बनवता येते, पण दुसऱ्याने बनवलेली बदलता येत नाही. म्हणून इन्स्टॉल करताना आपलं फोल्डर तयार करून त्यावर सगळ्यांना बदलाची मुभा देऊन ठेवायची. इन्स्टॉलर तेव्हा अ‍ॅडमिन असतोच.

खरोखर हक्क लागतात अशी कामंही आहेत: विंडोज सर्व्हिस बसवणं, ड्रायव्हर, फायरवॉलचा नियम, सगळ्या युझरसाठी फाँट, नवा कीबोर्ड लेआउट. फाँटचं बंधन तर विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून सैल झालं आहे. फक्त स्वतःपुरता फाँट आता कोणीही बसवू शकतो, त्यामुळे डीटीपी करणाऱ्यांची अर्धी कटकट मिटली. टीसीपी पोर्ट उघडायला विंडोजमध्ये अ‍ॅडमिन लागत नाही. लिनक्सवरून आलेली मंडळी 1024 च्या खालचा पोर्ट बघून उगीच हक्क मागतात.

यातली बरीच कामं एकदाच करायची असतात. ती इन्स्टॉलरने उरकावीत. इन्स्टॉल संपताना 'प्रोग्राम सुरू करा' अशी खूण असते, ती मात्र विचार करूनच ठेवा. इन्स्टॉलर अ‍ॅडमिन असतो, त्याने सुरू केलेला प्रोग्रामही अ‍ॅडमिन होऊ शकतो. इन्स्टॉलर बनवायच्या इनो सेटअपमध्ये हे टाळायला 'रन अ‍ॅझ ओरिजिनल युझर' नावाचा पर्याय आहे.

काम अधूनमधून लागणारं असेल, तर मुख्य प्रोग्राम 'अ‍ॅझ इन्व्होकर' ठेवून तेवढ्या कामापुरती वेगळी छोटी एक्झी करायची. मॅनिफेस्ट तिला 'रिक्वायर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'चं. माणसाने बटण दाबलं की 'शेल एक्झिक्यूट'ने ती सुरू होते, काम करते आणि बंद होते. त्या बटणावर ढालीचं चित्र लावा, म्हणजे पुढे खिडकी येणार हे त्याला आधीच कळतं. या मदतनीस एक्झीला 'ही फाइल तिकडे कॉपी कर' असला मोघम हुकूम घ्यायला शिकवू नका, ठरलेली दोन-तीन कामंच करू द्या. नाहीतर तिचा वापर दुसरंच कोणी करून घेईल.

रोजच, आणि न विचारता करायचं काम असेल तर सर्व्हिस. मुख्य प्रोग्राम तिला निरोप देतो, ती काम करते. इथे एक चूक वारंवार दिसते आणि ती गंभीर आहे: सर्व्हिसची किंवा शेड्यूल केलेल्या कामाची एक्झी अशा फोल्डरात असते जिथे कोणीही लिहू शकतं. कोणीही ती बदलून स्वतःची एक्झी ठेवावी आणि मशीन रीस्टार्ट व्हायची वाट बघावी, की झाला तो अ‍ॅडमिन. म्हणून एक्झी 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये, डेटा 'प्रोग्राम डेटा'त. उलट नाही.

मॅक आणि लिनक्सवरही वारा याच दिशेने वाहतो. अख्खा प्रोग्राम वरच्या हक्कांवर चालवण्याचं मॅकमधलं फंक्शन अ‍ॅपलने 2011 मध्ये, 10.7 आवृत्तीतच जुनं ठरवलं आणि वेगळ्या मदतनीस प्रोग्रामचा रस्ता दाखवला. लिनक्सच्या डेस्कटॉपवर हे काम पोलकिट नावाचं साधन करतं.

तुमचा प्रोग्राम नेमका कुठे अडतोय हे शोधायचं असेल तर टेस्टिंगच्या मशीनवर एक साधं, 'स्टँडर्ड' खातं बनवा आणि प्रोग्राम त्यात चालवा. बाजूला मायक्रोसॉफ्टचा मोफत मिळणारा प्रोसेस मॉनिटर लावा. फिल्टरमध्ये तुमच्या एक्झीचं नाव आणि 'रिझल्ट'मध्ये 'अ‍ॅक्सेस डिनाइड' एवढंच ठेवा. फाइलचा पूर्ण पत्ता समोर येतो, आणि बऱ्याचदा अशी ओळ एकच असते: एक्झीशेजारची आयएनआय, म्हणजे सेटिंगची, फाइल. प्रोसेस मॉनिटर स्वतः मात्र सुरू होताना परवानगी मागेल. त्याला ड्रायव्हर लोड करायचा असतो, त्यामुळे त्याची मागणी रास्त आहे.